कोरची रस्त्यावरचं मोहफुलांचं दुकान : लाडू बिनधास्त घ्या, पाकाची बाटली मात्र हुंगून घ्या

गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याहून कोरचीकडे निघालं, पुराडा मागे पडलं की दोन्ही बाजूंनी झाडी दाटत जाते. घाट लागायच्या आधी एका फाट्यावर डाव्या हाताला टिनाचं छप्पर असलेलं छोटंसं दुकान आहे. बायकांच्या बचत गटाचं. पाटी हातानं रंगवलेली : मोहाचे लाडू, मोहाचा पाक, टोळंबी तेल, निवडलेली मोहफुलं. मे महिन्यात साळीच्या मुलीच्या लग्नाला जाताना पाणी प्यायला म्हणून मी तिथं उतरलो आणि दीड तास बसलो. जुलैत परत गेलो, तेव्हा खास दुकानासाठीच गेलो. दोन्ही वेळा जे घेतलं, खाल्लं, पाहिलं ते लिहितो. थोडं जुनंही लिहावं लागेल, कारण त्याशिवाय हे दुकान काय आहे ते कळणार नाही.

आधी लाडू. 250 ग्रॅमचं पाकीट 120 रुपयांना, त्यात दहा लाडू. रंग चिंचेच्या गोळ्यासारखा काळपट तांबूस. मोहफुलं धुऊन वाफवायची, पुन्हा उन्हात सुकवायची, लोखंडी कढईत मंद भाजायची आणि भाजलेली जवस, शेंगदाणे घालून उखळात कुटायची, अशी त्यांची रीत. गूळ जवळजवळ नाहीच. वाळल्या मोहात निम्म्याहून जास्त साखरच असते, गुळाची गरज काय? तोंडात टाकला की आधी मनुका लागतो, मग खारीक, आणि गिळताना शेवटी मोहाचा वास वर येतो. शहरातली माणसं ह्या वासाला नाक मुरडतात, म्हणतात दारूचा वास येतो. दारूला तो वास ह्या फुलानं दिला. फुलाकडे तो आधीपासून होता.

दोष सांगतो. मे महिन्यातल्या पाकिटात दोन लाडवांत कचकच लागली, वाळूची. आणखी एका लाडवात फुलाच्या पोटातले केसर राहिले होते, ते घशाला टोचतात, कडवटही लागतात. वाळू कुठून येते ते मला माहीत आहे. मोहाचं फूल रात्री पिकतं आणि पहाटे गळतं. बायापोरं टोपल्या घेऊन अंधारातच झाडाखाली जातात आणि एकेक फूल जमिनीवरून वेचतात. ओलं फूल चिकट असतं, माती धरून ठेवतं. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळायची पद्धतही जुनीच, आणि तीच आग कधी कधी रानभर पसरते. ह्या गटानं यंदा सहा झाडांखाली हिरव्या जाळ्या बांधल्या होत्या. त्या झाडांचा माल वेगळा ठेवला आहे, असं त्यांनी मला पोतं उघडून दाखवलं. मूठभर फुलं हातावर घेतली, फुंकर मारली, धूळ उडाली नाही. जुलैत घेतलेले लाडू ह्याच फुलांचे होते आणि चारही पाकिटांत एकदासुद्धा दाताखाली काही आलं नाही. तेव्हा घेताना विचारा, जाळीवरची फुलं की भुईवरची. त्या खरं सांगतात.

आता माझं नाक. मी 33 वर्षं आबकारीत, म्हणजे बेकायदा दारू पकडणाऱ्या सरकारी खात्यात होतो. 1986 ला जवान म्हणून लागलो, 2019 ला सहायक दुय्यम निरीक्षक म्हणून घरी बसलो. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली ह्या तीन जिल्ह्यांतच सगळी नोकरी गेली. मोहाचा सडवा, म्हणजे दारूसाठी पाण्यात आंबत ठेवलेली फुलं, किती दिवसांचा आहे ते मी झाकण न उघडता सांगू शकत असे. तिसऱ्या दिवशी त्याला गोड, पिकल्या केळासारखा वास असतो. पाचव्या-सहाव्या दिवशी नाकात चढतो. आठवडा उलटला, भट्टीला लावला नाही, की आंबूस होतो आणि मग त्याची दारू होत नाही, सिरका होतो. नाल्याच्या वरच्या अंगाला उभं राहून वाऱ्यावर हा वास पकडायचा आणि वासाच्या मागे चालत जायचं, हे माझं काम होतं.

भट्टी नेहमी नाल्याकाठीच सापडायची, कारण तिला आगीइतकंच गार पाणी लागतं. तीन दगडांची चूल, वर सडव्याचं मडकं, त्यावर बुडाला भोकं पाडलेलं दुसरं मडकं, त्याच्या आत दारू झेलायला लहान गाडगं, आणि सगळ्यात वर थंड पाण्याचा जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं. सांधे चिखलानं आणि चिंधीनं लिंपलेले. सडवा उकळला की वाफ वर चढते, गंजाच्या थंड बुडाला लागते, थेंब होऊन गाडग्यात पडते. गंजातलं पाणी तापलं की उपसून नवं ओतायचं. किती वेळा पाणी बदललं त्यावरून दारू किती कडक ते ठरतं. सुरुवातीची चार-दोन पाण्यांची ती पहिल्या धारेची, चुलीत शिंपडली तर निळी पेटते. जितकी पाणी जास्त तितकी धार पातळ. एवढं सगळं अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या बायका नेमकं करायच्या, हाताच्या आणि नाकाच्या अंदाजानं. शाळेत हीच कृती ऊर्ध्वपातन म्हणून शिकवतात.

ह्या कामावर सरकारची नजर केव्हापासून? माझा आजा साकोलीकडचा. तो सांगायचा की त्याच्या बापाच्या काळी भट्टीचा लिलाव व्हायचा. इंग्रजांनी मध्यप्रांतात (आमचा भाग तेव्हा त्यातच) दारू गाळायचा हक्क ठेकेदाराला विकला. पैसे भरणाऱ्यानं गावोगाव भट्टी लावावी, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या झाडाखालचा मोह आपल्या चुलीवर लावला त्यांनी ती दारू विकत घ्यावी. न घेतली, स्वतः गाळली, तर तो चोर. पुढं गावच्या भट्ट्या कमी करून दारू मोठ्या डिस्टिलरीत गाळून पिंपांतून दुकानांवर पाठवायची पद्धत आली. मध्यप्रांताचा आबकारी कायदा 1915 चा. तिकडं मुंबई इलाख्यात तर त्याही आधी, 1892 मध्ये, खास मोहाचाच कायदा झाला होता. ठाणे, कुलाब्याकडं (आजच्या रायगड जिल्ह्याकडं) मोहफुलं किती बाळगायची ह्यावर बंधन घातलं. विचार करा, झाडावरून आपोआप गळणारं फूल घरात किती असावं ह्याचा कायदा. तिथल्या आदिवासींचं ते उन्हाळ्यातलं अन्न होतं. ह्या सगळ्यामागे नशा थांबवायचा हेतू नव्हता, महसूल बुडू नये हा होता. हे मी नोकरीत असताना मोठ्यानं बोललो नाही, आता बोलतो.

स्वातंत्र्याआधीच्या काँग्रेस सरकारानं मध्यप्रांत-वऱ्हाडात 1938 मध्ये दारूबंदीचा कायदा आणला, त्यात मात्र हेतू वेगळा होता. गांधीजी तेव्हा सेवाग्रामला राहत होते. वर्धा जिल्हा आजही कोरडा म्हणतात तो त्यांच्यामुळेच. मुंबईचा दारूबंदी कायदा 1949 चा. विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर 1959 मध्ये तो इकडं लागू झाला. मी सगळी नोकरी ह्याच कायद्याच्या कलम 65 वर केली. बनवली, बाळगली, विकली, भट्टीचं सामान ठेवलं, सगळं त्याच एका कलमात बसतं. आणि मोहफुलांवरचे नियम वेगळे. 2021 साली राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं, वाहून नेणं ह्यावरची बंधनं सैल केली, म्हणून आज हे दुकान उघडपणे फुलाची पोती ठेवू शकतं. माझ्या वेळी असं पोतं दिसलं असतं तर मी पहिल्यांदा परवाना मागितला असता.

दुकानात बसलो होतो तेव्हा पन्नाशीची एक बाई लाडू वळत होती. माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली,

"सायेब, मले वरखलं का जी?"

मी म्हटलं, नाही बाई.

"तुमी आमच्या आजीचं मडकं फोडलं व्हतं. नाल्यावर. मी तवा नवीनच लग्न होऊन आलो व्हतो."

मला ती ओळखू आली नाही, पण मडकं आठवलं. 1996 चा चैत्र. गडचिरोलीत दारूबंदी होऊन तीन वर्षं झाली होती. आम्ही पाच जण पहाटे चारला जीप लांब उभी करून नाल्यातून चालत आलो. भट्टीवर एक म्हातारी उकिडवी बसलेली. पळाली नाही. आमच्या साहेबांनी नाव विचारलं, तिनं सांगितलं. माझ्या हातात लोखंडी सळई होती. ती म्हणाली, मडकं फोडा बाबा, मडकं काय, कुंभाराकडं आणखी मिळते, पण मोह सांडू नका, देवाचं आहे. पुढच्या आठवड्यात घरात पूजा होती, पहिली धार देवाला द्यायची होती. मी मडकं फोडलं. बाजूला जमिनीत पुरलेल्या पिपातला सडवाही उलटा केला. पंचनाम्यात लिहिलं : मोहा सडवा अंदाजे 40 लिटर, जागीच नाश. सडवा नाल्यात वाहत गेला आणि म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली, आमच्याकडं तिनं एकदाही पाहिलं नाही.

मी हे कशासाठी लिहितो? तो दिवस मला आजही टोचतो म्हणून. पण त्याच वेळी हेही लिहायला हवं की दारूबंदी मागणाऱ्या बायका चूक नव्हत्या. गडचिरोलीतली दारूबंदी वरून लादलेली नव्हती. 1980 च्या दशकाच्या शेवटापासून गावागावांतून ती मागितली गेली, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ह्यांची सर्च संस्था त्यात होती, आणि मार्च 1993 मध्ये ती लागू झाली. शेजारच्या चंद्रपुरात बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या, तिथं एप्रिल 2015 मध्ये बंदी झाली आणि 2021 मध्ये ती उठली. भंडाऱ्याला असताना मी आडव्या बाटलीच्या मतदानाला बंदोबस्ताला उभा राहिलो आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या एकूण मतदार बायकांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तर गावचं दुकान बंद. उन्हात, कडेवर लेकरू घेऊन, मजुरी बुडवून त्या रांगेत उभ्या होत्या. माझ्या सख्ख्या मेव्हण्याचं लिव्हर दारूनं गेलं, वय 41. माझ्या बहिणीनं पुढं जे काढलं ते मला माहीत आहे. दारूचं कौतुक मी करणार नाही.

फक्त एवढंच की मेव्हण्याला मारलं ते मोहानं नाही. माझ्या नोकरीच्या काळातच दारू बदलली, आणि हा बदल कोणी नीट सांगत नाही. मोहाची दारू मोसमी होती. फुलं पडतात फाल्गुन-चैत्रात, घरात वाळवून ठेवली तरी ती काही अमाप नसतात. आठवडाभर सडवा, अर्धा दिवस भट्टी, निघणार चार-सहा बाटल्या. सण, लग्न, मयत, देव, एवढ्यातच ती संपायची. विकणारीही बहुतेक करून विधवा किंवा टाकलेली बाई असायची, दोन बाटल्या विकून तेल-मीठ आणणारी. मग रस्ते आले, आणि रस्त्यानं काळा गूळ आणि नवसागर आला. गूळ बारा महिने मिळतो. नवसागरानं सडवा लवकर उठतो, कारण आंबवणाऱ्या बारीक किण्वाला (यीस्टला) त्यातून खाद्य मिळतं. काही जण त्यासाठी युरियासुद्धा टाकायचे. आठवड्याचं काम तीन दिवसांवर आलं, मडक्याच्या जागी दोनशे लिटरचे ड्रम आले, म्हाताऱ्यांच्या जागी मोटारसायकलवाले तरुण आले. ट्रकच्या टायरच्या ट्यूबमध्ये दारू भरून ती खांद्यावर साप टाकल्यासारखी टाकून न्यायचे. जप्तीत ट्यूब कापली की रबराचा आणि दारूचा मिळून जो वास यायचा तो मी विसरणार नाही.

आणि बंदीनंतर तिसरी चीज आली, बाटली. वैनगंगेच्या पलीकडून आणि छत्तीसगडच्या बाजूनंही, देशीच्या नव्वद मिलीच्या छोट्या बाटल्यांनी, टिल्लूंनी, भरलेल्या पेट्या रात्री यायच्या. मोहाच्या झाडाशी ज्यांचा काही संबंध नाही अशी माणसं तो धंदा करायची. भट्टी पकडायला सोपी, ती एका जागी असते, धूर करते, वास सोडते. गाडी पकडणं अवघड. म्हणून आकडे भट्ट्यांचेच जास्त भरायचे. मीही भरले.

कोरचीपासून छत्तीसगडची हद्द जवळ आहे. तिकडं आदिवासी कुटुंबाला स्वतःपुरती मोहाची दारू गाळायला आणि पाच लिटरपर्यंत ठेवायला कायद्यानं मुभा आहे. म्हणजे एकाच रानात, एकाच जातीच्या झाडाखाली, एकाच भाषेत बोलणाऱ्या दोन बहिणींपैकी पलीकडे लग्न करून दिलेली ती रीत पाळते आणि अलीकडची गुन्हा करते. 1996 च्याच शेवटी संसदेत पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा झाला. त्यात गावात दारूचं काय करायचं, बंदी करायची की बंधन घालायचं, हा अधिकार ग्रामसभेकडं असावा असं म्हटलं आहे. ती म्हातारी चैत्रात पकडली गेली होती, कायदा डिसेंबरात आला.

आता पाक, कारण ह्या दुकानाबद्दल माझी खरी तक्रार इथंच आहे. मोहफुलं पाण्यात उकळून, गाळून, आटवून केलेला हा काकवीसारखा पाक. अर्धा लिटर 140 रुपये. चमचाभर गार पाण्यात टाकला, लिंबू पिळलं, चिमूटभर सैंधव, की उन्हाळ्यात ह्यासारखं सरबत नाही. भाकरीबरोबरही उत्तम. चव लाडवापेक्षा सौम्य, वास कमी. पण मे महिन्यात मी एका बाटलीचं बूच फिरवलं तर ते फस्स करून उडालं. नाकाला लावायचीही गरज नव्हती, तिसऱ्या दिवसाचा वास. पिकलं केळ. आतमध्ये बारीक बुडबुडे.

त्या बाया घाबरल्या. मी काय होतो हे त्यांना तोवर कळलं होतं. मी म्हटलं, घाबरू नका, तुम्ही काही गुन्हा केला नाही, तुमचा पाक पातळ राहिला. साखर घट्ट असली तर किण्वाला त्यात जगता येत नाही, ती त्यातलं पाणीच ओढून घेते. मधाला म्हणूनच काही होत नाही. पाक पातळ असला, टिनाखाली 45 अंशांची उष्णता असली, बाटली जुनी आणि नुसत्या पाण्यानं विसळलेली असली, की मोह त्याला येतं तेच करणार. तो आंबणार. आणि ह्या जिल्ह्यात आंबलेला मोह बाटलीत सापडणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

ज्या बाईनं मला ओळखलं होतं ती म्हणाली, "मंग सांगा ना जी, कसं कराव."

मी सांगितलं ते इथंही लिहितो, दुसऱ्या गटांना उपयोगी पडेल. बोट बुडवून दोन बोटांत धरला तर पक्की तार सुटेपर्यंत आटवा. बाटल्या काचेच्या घ्या, नव्या घ्या, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. पाक कढत असतानाच गळ्यापर्यंत भरा, वर हवा ठेवू नका, लगेच बूच लावा आणि बाटली दोन मिनिटं उलटी ठेवा म्हणजे बुचालाही चटका लागेल. बाटलीवर भरल्याची तारीख लिहा. दर आठवड्याला एक बाटली नमुन्याची म्हणून उघडून हुंगा. ज्या नाकानं मी माणसं पकडत आलो त्याचा हा उपयोग मला आधी सुचला नव्हता.

बाकी दोन वस्तू थोडक्यात. टोळंबी तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, अर्धा लिटर 150. घाण्यावर काढलेलं, पिवळसर, हिवाळ्यात तुपासारखं गोठतं. अंगाला लावायला आणि पायाच्या भेगांना चांगलं, आमच्या घरी सगळ्यांना आवडलं. स्वयंपाकात मी तरी वापरत नाही, मला उग्र लागतं, पण आमच्या आजीच्या हातचे वडे त्यातच तळलेले असायचे. निवडलेली मोहफुलं 70 रुपये किलो, ही घ्याच. केंद्र सरकारनं 2020 मध्ये वाळल्या मोहफुलांचा आधारभाव 17 वरून 30 रुपये केला. त्याआधी व्यापारी पहाटे वेचलेली फुलं कधी मीठ देऊन, कधी भंगार भावानं उचलायचे, आणि पावसाळ्यात तीच फुलं त्याच घरांना दुप्पट भावानं विकायचे. इथं ती वेचणाऱ्या बाईकडून थेट तुमच्या पिशवीत येतात. घरी उकडून, थोडं तीळ कुटून घालून खा. तांदळाच्या पिठात मिसळून भाकर करा.

पाकिटांवर अन्नपरवान्याचा क्रमांक आहे, पण उत्पादनाची तारीख मे महिन्यात एकाही पाकिटावर नव्हती. जुलैत होती, शाईच्या शिक्क्यानं. पैसे मोबाइलनं घेतात, मात्र तिथं रेंज येते-जाते, सुटे जवळ ठेवा. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकान बंद असतं, त्या बाजारात बसतात. बसायला एकच बाक आहे. संडासची सोय नाही, बायकांसोबत प्रवास असेल तर कुरखेड्यातच आटपून निघा.

एक आणखी नोंद. ह्या गटात अकरा बाया आहेत. त्यांतल्या चौघींच्या घरी पूर्वी भट्टी लागायची. आता लागत नाही. मी विचारलं, कशानं बंद झाली, धाडींनी? त्या हसल्या. एक जण म्हणाली, धाड पडली की आम्ही आठ दिवसांनी दुसऱ्या नाल्यावर लावायचो, मडकं किती रुपयाचं? भट्टी बंद झाली कारण फुलाचे पैसे फुलाचेच मिळायला लागले. मी 33 वर्षांत जेवढी मडकी फोडली त्यांची मोजदाद कुठंतरी सरकारी रजिस्टरात असेल. ह्या चार चुली त्यांतल्या एकाही मडक्यानं विझल्या नव्हत्या.

जुलैत गेलो तेव्हा पाऊस लागून होता, बांध्यांत धानाची रोवणी सुरू होती, आणि दुकानात ती एकटीच होती. पाकाच्या नव्या काचेच्या बाटल्या फळीवर ओळीनं, तारखा लिहिलेल्या. तिनं स्वतःच एक उचलून माझ्यापुढं धरली. मी बूच फिरवलं. आवाज नाही. हुंगलं. फूल, धूर, थोडा जळका गोडवा, बस. मी मान हलवली. तिनं बाटली परत घेतली, बूच लावलं आणि नमुन्याच्या फळीवर ठेवली.

मी लाडवांची चार पाकिटं आणि पाकाची एक बाटली घेतली. 480 आणि 140, 620 झाले. पाचशेच्या दोन नोटा दिल्या आणि म्हटलं, बाकीचे राहू द्या, त्या मडक्याचे समजा.

"आजी गेली जी, सोळा वर्स झाले," ती म्हणाली. "मडक्याचे पैसे मी कशी घेऊ?"

तिनं डब्यातून तीन शंभराच्या, एक पन्नासची आणि तीन दहाच्या नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. मग पाकिटं पावसात भिजू नयेत म्हणून युरियाच्या धुतलेल्या पिशवीत बांधून दिली.